परळचे डॉक्टर, पांढरे उंदीर आणि आपली रोजची गोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे पाककृती, विणकाम नाही तर मुलांचे संगोपन यांतले काही तरी निवडावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. चिटणीसबाईंनी मलाही उपवासाचे पदार्थ हाच विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटले, उपवासाचे पदार्थ सगळ्याजणींना येतात, उलट माझ्यापेक्षा चांगले येतात. मला या वर्षी रक्तदाबावर बोलू द्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, डॉक्टरीणबाई मिळत नाहीत म्हणून तुम्हाला उभे करतोय, हे लोकांना कळेल की!" कळू द्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. पण माझी भाची प्राण्यांवर औषधे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिला खोदून खोदून विचारले, तिने आणून दिलेले वाचून घेतले आणि जेवढे मला नीट समजले तेवढेच आज सांगणार आहे.

विषय निवडण्याचे कारणही सांगते. आपल्या मंडळात चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये रक्तदाबाची गोळी चालू नाही अशी बाई शोधावी लागते. आणि गोळी मध्येच सोडून दिली नाही अशी बाई तर त्याहून शोधावी लागते. कोणी श्रावणात सोडते, कोणी गावी जाताना डबी इथेच विसरते, कोणी म्हणते, "आता बरे वाटते, मग कशाला उगीच?" आमच्या चाळीतल्या एका काकूंनी असेच केले. श्रावणभर गोळी बंद. गौरी यायच्या आधी दोन दिवस त्यांच्या हातातून पिठाचा डबा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द फुटेना. आता त्या भिंतीला धरून चालतात, पण नातवाला हाक मारताना त्याचे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. 'बरे वाटते' हेच कारण देऊन त्यांनी औषध सोडले होते आणि त्यांना खरोखरच बरे वाटत होते, त्यात खोटे काही नव्हते. हे असे का होते, एवढेच आज पाहायचे आहे.

रक्तदाब म्हणजे काय हे आपल्याला चाळीतल्या पाण्यावरून चांगले कळते. पालिकेचा चावीवाला येऊन रस्त्यातली चावी फिरवतो, मग आपल्या नळाला पाणी येते. दाब असेल तर तिसऱ्या मजल्यावर बादली भरते, नसेल तर खाली धो धो आणि वर करंगळीएवढी धार. दाब फार झाला तर जुना नळ सांध्याशी फुटतो. शरीरात हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे नळ. डॉक्टर दोन आकडे सांगतात त्यांतला वरचा आकडा हृदय आवळते त्या वेळचा, खालचा ते सैल पडते त्या वेळचा. 120 आणि 80 च्या आसपास असला तर ठीक. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140 किंवा 90 च्या वर राहू लागला की तो वाढलेला धरतात.

नळ फुटायच्या आधी काही आवाज होतो का? नाही. तसेच इथे. पुष्कळ बायका म्हणतात, डोके दुखले की मला समजते प्रेशर वाढले. भगिनींनो, डोके उन्हाने दुखते, चष्म्याने दुखते, घरच्या माणसांनीही दुखते. दाब मात्र बहुतेक वेळा मुकाट्याने वाढलेला असतो. आत हृदय, मूत्रपिंडे, डोळ्यांतल्या आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या झिजत असतात आणि बाई बिचारी पापड लाटत असते. म्हणून बरे वाटणे किंवा वाईट वाटणे ही या दुखण्याची साक्ष धरता येत नाही. यंत्राचा आकडा धरावा लागतो.

आता या आकड्यांची आणि आपल्या परळची एक जुनी ओळख आहे, ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

आपले केईएम इस्पितळ 1926 साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालयासाठी पैसे देणाऱ्यांनी अटच घातली होती, की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रजी अमलात ही अट घालणे सोपे नव्हते. त्याच इस्पितळात पुढे डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे पारशी डॉक्टर मानद म्हणून काम करीत. ते मुंबईतच 1911 साली जन्मले, विलायतेत शिकले आणि परत आले. त्या काळी रक्तदाबावर जगात कुठेच धड औषध नव्हते. मोठमोठ्या देशांतसुद्धा रोग्याला झोपवून ठेवत, मीठ तोडून नुसता भात आणि फळे देत, काही ठिकाणी तर पाठीतले मज्जातंतू कापत.

आपल्याकडे मात्र सर्पगंधा होती. तिचे मूळ वैद्य लोक शतकानुशतके वापरत आले होते. झोप लागावी, वेड शांत व्हावे, विंचू-सापावर चालावे म्हणून. बिहारकडे तर त्या मुळाला वेड्यांचे औषध असेच म्हणत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहिले, की याने रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळातली द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमलखानांच्या नावावरून 'अजमलीन' म्हटले. 1934 साली हिमालय कंपनीने मुळाची गोळी करून 'सर्पिना' या नावाने बाजारात आणली. कंपनीची कथा अशी सांगतात की मालकांनी ब्रह्मदेशात बेफाम हत्तींना हे मूळ चारताना पाहिले होते. कथा गोड आहे. पण माझ्या मते गोष्टीपेक्षा पुढचे महत्त्वाचे आहे.

पुढचे असे, की डॉ. वकिलांनी मोजले. औषध गुणकारी आहे, असे म्हणणारे तोवर पुष्कळ होते. यांनी वर्षानुवर्षे रोगी पाहिले आणि त्यांतल्या 50 जणांना ही गोळी देऊन आधीचा दाब किती, नंतरचा किती, हे लिहून ठेवले. त्यांतल्या शेकडा ऐंशीहून अधिक लोकांचा दाब उतरलेला दिसला. हे त्यांनी 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या विलायतेच्या मासिकात छापले. ते वाचून अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी मुळे मागवली. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातले मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि त्याला 'रिसर्पिन' नाव दिले. डॉ. वकिलांना 1957 साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले आणि 1958 साली पद्मभूषण. 1974 साली ते वारले. आपण केईएमच्या रांगेत केसपेपर घेऊन उभ्या असतो तेव्हा कंटाळतो, पण जगातल्या रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासातले एक पान इथल्या मुंबईकर डॉक्टरने लिहिले आहे, हे रांगेत उभे राहून आठवायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. हे ऐकून कोणी काष्ठौषधीच्या दुकानातून सर्पगंधेचे चूर्ण आणू नये. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेले, रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य रिते करते, म्हणून दाब उतरतो. पण ते मनालाही लागते. मात्रा जास्त झाली की काही रोगी फार उदास होत, नाक चोंदे, सारखी झोप येई. शिवाय एका मुळात द्रव्य किती आणि दुसऱ्यात किती, हे चिमटीने कळत नाही. आज डॉक्टर हे औषध क्वचितच लिहून देतात. आणि मुळे इतकी उपटली गेली की जंगलात ही वनस्पती दुर्मिळ झाली. तिच्या देशाबाहेरच्या व्यापारावर निर्बंध आहेत.

मग आज आपल्या डबीत जी गोळी आहे, ती कुठून आली? तिची गोष्ट मूत्रपिंडापासून सुरू होते.

1898 साली स्वीडनमध्ये टिगेरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत घातला, तर त्याचा रक्तदाब वाढला. म्हणजे मूत्रपिंड नुसते लघवी गाळत नाही, ते दाबाचा चावीवालाही आहे. त्यातल्या द्रव्याला त्यांनी 'रेनिन' नाव दिले. पुढे पन्नास-साठ वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी मिळून सगळी साखळी उलगडली.

ती समजायला आधी विकर म्हणजे काय हे पाहू. डॉक्टर लोक त्याला एन्झाइम म्हणतात. आपण रोज ते वापरतो. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा चोळतो, तेव्हा पपईतले विकर मांसाचे धागे तोडते. नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तेव्हा मोडातले विकर पिठाचे गोड करते. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, ती तोंडातल्या विकरामुळे. विकर स्वतः संपत नाही, काम करून पुन्हा कामाला मोकळे असते. आणि प्रत्येक विकराचे काम ठरलेले, जसा आपला अडकित्ता. त्याने सुपारीच फोडायची, कापड नाही कापायचे.

आता मण्यांची एक लांब सर डोळ्यांपुढे आणा. ती यकृत तयार करते आणि रक्तात सोडते. रक्त कमी पडले, पाणी कमी झाले, मीठ कमी झाले किंवा मूत्रपिंडाला तसे वाटले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. रेनिन हा पहिला अडकित्ता. तो त्या लांब सरीतून 10 मण्यांचा तुकडा तोडतो. हा तुकडा तसा निरुपद्रवी. पण दुसरा अडकित्ता येतो आणि 10 मण्यांतले 2 मणी तोडून 8 मण्यांचा तुकडा करतो. हे 8 मणी फार जहाल! ते रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, तहान लावतात. दाब वर जातो. त्याला डॉक्टर 'अँजिओटेन्सिन' म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, 8 मणी लक्षात ठेवा. दुसरा अडकित्ता अमेरिकेत स्केग्ज नावाच्या शास्त्रज्ञाने 1956 साली घोड्याच्या रक्तात ओळखला.

ही व्यवस्था देवाने वाईट म्हणून केलेली नाही. बाळंतपणात बाईचे रक्त गेले, कॉलऱ्यात पाणी गेले, तर हे 8 मणीच तिला वाचवतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा काही गेलेले नसताना चावी उघडीच राहते.

हा दुसरा अडकित्ता शरीरात असतो कुठे? इथे उंदीर आले.

परळ-लालबागच्या बाईला उंदराचे कौतुक सांगायचे म्हणजे जरा धाडसच. 1896 साली मांडवीला प्लेग आला, तेव्हापासून मुंबई उंदराला ओळखते. इथल्याच हाफकिन संस्थेच्या आवारात, जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात, 1905 पासून प्लेग कमिशनच्या लोकांनी प्रयोग करून दाखवले की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. पण तो उंदीर निराळा आणि प्रयोगशाळेतला पांढरा, तांबड्या डोळ्यांचा उंदीर निराळा. भाची म्हणते, तो हातात घेतला तर अंगठ्याला टेकून बसतो. आपल्या गणपतीच्या पायाशी असतो तसा. त्यांना कसे ठेवावे, त्यांच्यावर काय करावे आणि काय करू नये, याचे आपल्या देशात कायदे आहेत, समित्या आहेत. मला तरी ऐकून बरे वाटले.

तर 1971 साली अमेरिकेतल्या कुशमन आणि च्युंग या दोघांनी उंदराच्या निरनिराळ्या अवयवांत हे विकर किती आहे, हे मोजून काढले. मोजायची तऱ्हा ऐका, आपल्याला कळण्यासारखी आहे. अवयवाचा तुकडा घेऊन चटणीसारखा बारीक करायचा. त्यात मुद्दाम तयार केलेली मण्यांची छोटी सर घालायची. अंगाइतक्या उबेत ठराविक वेळ ठेवायचे. मग किती सरी तुटल्या, हे प्रकाशाच्या यंत्राने पाहायचे. जास्त तुटल्या तर विकर जास्त, कमी तुटल्या तर कमी. असे केल्यावर फुफ्फुसात ते भरपूर सापडले. आपण समजतो फुफ्फुसे म्हणजे श्वासाचे भाते. पण अंगातले सगळे रक्त फेरीगणिक फुफ्फुसांतून जाते, तेव्हा 10 मण्यांचे 8 मणी करायला याहून सोयीची जागा कोणती? लंडनमध्ये इंग आणि व्हेन यांनी 1967 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हेच दाखवले होते.

मोजता येऊ लागले म्हणजे मग कोणते औषध त्या अडकित्त्याला थांबवते, हेही काचेच्या नळीत पाहता येऊ लागले. चटणीत सर घातली आणि औषधही घातले, तर सर तुटते की नाही? न तुटली तर औषध लागू. हजार रोग्यांना देऊन पाहण्याऐवजी आधी नळीत पाहायचे, मग उंदराला द्यायचे, मग माणसाकडे यायचे.

पहिला थांबवणारा निघाला साप! ब्राझील देशात जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा या तरुण डॉक्टरने 1965 साली त्याच्या विषात एक द्रव्य शोधले आणि ते लंडनला व्हेन यांच्याकडे घेऊन गेला. तिथे कळले की हे द्रव्य दुसऱ्या अडकित्त्याच्या तोंडात अडकून बसते. पण विषातले द्रव्य तोंडाने घेऊन चालत नाही, ते पोटात पचून जाते; सुई टोचावी लागे. तेव्हा अमेरिकेच्या स्क्विब कंपनीतल्या ओंडेटी आणि कुशमन, तेच उंदराचे अवयव मोजणारे कुशमन, यांनी त्या विषाच्या धर्तीवर एक अगदी छोटे द्रव्य 1975 साली तयार केले. त्याचे नाव कॅप्टोप्रिल. 1981 साली ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले. पुढे त्याच कुळातली एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे आली. ज्यांच्या पाकिटावर नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे, त्यांनी समजावे की आपली गोळी या सापाच्या घराण्यातली. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' आहे, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, ती गोळी अडकित्ता अडवत नाही. 8 मणी ज्या जागी जाऊन बसतात ती जागाच अडवून धरते. आणखीही निराळ्या तऱ्हेच्या गोळ्या आहेत, अमलोडिपिनसारख्या, त्या सरळ वाहिन्यांना सैल करतात. कोणाला कोणती, हे डॉक्टरने ठरवायचे. शेजारणीची गोळी मागून घ्यायची नाही, मग ती कितीही प्रेमाने देवो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गोळी रोज का?

गोळी अडकित्त्याच्या तोंडात एक कपटा घालून ठेवते. अडकित्ता मोडत नाही. काही तासांनी, फार तर एक-दोन दिवसांनी, कपटा निघून जातो, कारण औषध लघवीवाटे बाहेर पडते. शिवाय शरीर नवे विकर रोज घडवीतच असते. उंदरांना हे औषध काही दिवस दिल्यावर त्यांच्या रक्तात आणि फुफ्फुसांत या विकराचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. शरीराला वाटते, काम होत नाही, आणखी अडकित्ते करा! गोळी चालू आहे तोवर त्या सगळ्यांच्या तोंडात कपटा आहे, म्हणून दाब ठीक. गोळी बंद केली की ते सगळे कामाला मोकळे.

जपानात क्योटोला ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 साली उंदरांचे एक कुळ तयार केले. ज्यांचा दाब मुळातच जास्त, अशा नर-माद्यांची पिल्ले घेत घेत त्यांनी असे उंदीर मिळवले की ज्यांचा दाब काही न करता वयाबरोबर 180-200 पर्यंत चढतो. या उंदरांना 'प्रिल' दिले की दाब उतरतो. वयात आलेल्या उंदरांचे औषध बंद केले की तो पुन्हा चढत जातो. उंदराला काही बरे वाटणे-न वाटणे सांगता येत नाही, श्रावणही नसतो. त्याचा नुसता आकडा पाहायचा. म्हणून मला तो आपल्यापेक्षा खरा साक्षीदार वाटतो. 'बरे वाटते म्हणून सोडली' असे बाई म्हणते, तेव्हा तिचा दाब गोळीमुळे ठीक आहे. तापाच्या गोळीने ताप गेला की ती थांबते, त्या हिशेबाने आपण चालतो. हे दुखणे त्या जातीचे नाही. डॉक्टरने आकडे पाहून मात्रा कमी केली, बदलली, क्वचित थांबवली, तर गोष्ट वेगळी. वजन उतरले, मीठ कमी झाले तर तसे घडतेही. पण ते मोजून.

खोकल्याचे एक सांगते, कारण त्यानेही पुष्कळजणी गोळी सोडतात. 'प्रिल' गोळ्यांनी काहींना कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला येतो, रात्री जास्त. हा दुसरा अडकित्ता आणखी एक द्रव्यही तोडत असतो. ते तुटेनासे झाले की साठते आणि घसा खवखवतो. बाई मग मध-आल्याचा चाटण करते, छातीचा फोटो काढते, शेवटी कंटाळून सगळेच बंद करते. तसे करू नये. डॉक्टरला सांगावे, ते दुसऱ्या कुळातली गोळी देतात. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

दुसरी गोष्ट सुना-मुलींसाठी. 'प्रिल' आणि 'सार्टन' या दोन्ही गोळ्या गर्भाला घातक आहेत. दिवस राहायची शक्यता असेल त्या मुलीने आधीच डॉक्टरशी बोलावे, आणि दिवस राहिले असे वाटले तर त्याच दिवशी. गर्भारपणात चालणारी दुसरी औषधे आहेत. गुडघेदुखीच्या गोळ्याही विचारल्यावाचून रोज घेऊ नयेत. त्यांतल्या बऱ्याच दाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. बाजारात 'कमी सोडियमचे' मीठ मिळते, तेही मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी आणि या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारून घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम असते आणि या गोळ्यांनी ते अंगात साठू शकते.

मिठाचे निघालेच आहे तर उंदरांकडे पुन्हा एकदा जाऊ. अमेरिकेत लुईस डाल यांनी 1962 च्या सुमारास उंदरांना खारट अन्न दिले. काहींचा दाब चढला, काहींचा जराही नाही. चढणाऱ्यांची पिल्ले वेगळी, न चढणाऱ्यांची वेगळी, असे करत काही पिढ्यांत दोन निराळी कुळे झाली. तेच मीठ, तेवढेच मीठ. त्यामुळे "आमच्या सासूबाई सुकट आणि लोणचे खाऊन नव्वद वर्षे जगल्या" असे कोणी म्हणाले तर त्या खोटे बोलत नाहीत. सासूबाई दुसऱ्या कुळातल्या असतील. आपण कोणत्या कुळातल्या, हे आपल्या कपाळावर लिहिलेले नाही, म्हणून सगळ्यांनीच हात आखडता घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि त्यात स्वयंपाकातले, पापडातले, फरसाणातले सगळे आले.

आपल्याकडे गंमत अशी की प्रेशर निघाले की बाई लालबागचा मसाला बंद करते, तिखट सोडते, आणि वरणभाताबरोबर पापड चालूच. मसाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, मिठाचा आहे. पापडात मीठ आणि वर पापडखार, सुक्या बोंबलात मीठ, लोणच्यात मीठ, वडापावच्या पावातसुद्धा मीठ. आमटी थोडी अळणी करून त्यात कोकम किंवा लिंबू वाढवले, तर आठ दिवसांत घरच्यांना सवय होते. पहिले चार दिवस बोलणी खावी लागतात. आणि मिश्री. तिचे नाव घेतले की अर्ध्याजणी मान खाली घालतात, म्हणून एकच वाक्य: तंबाखू रक्तवाहिन्या आवळतो, मग तो हिरडीला लावा की ओढा.

शेवटी मोजण्याविषयी. उंदराचा दाब कसा मोजतात हे विचारले तर भाचीने दाखवले. आपल्या दंडाला पट्टा बांधतात, तसा त्याच्या शेपटीला अगदी छोटा पट्टा. आधी त्याला नळीत निवांत बसवतात, शेपूट उबदार करतात. पहिले काही दिवस नुसतीच सवय लावतात, कारण घाबरलेल्या उंदराचा आकडा खोटा येतो. हे ऐकून मला वाटले, उंदराची जेवढी सरबराई होते तेवढी आपण स्वतःची करीत नाही. जिना चढून, हातात भाजीची पिशवी, बोलता बोलता हात पुढे करतो आणि मग म्हणतो यंत्रच बिघडले आहे. आधी पाच मिनिटे टेकून बसावे, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दंडावर घट्ट बाही नको. लघवीला जाऊन यावे. अर्धा तास आधी चहा, मिश्री नाही. मोजताना बोलायचे नाही, हे सगळ्यात अवघड. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि तारीख घालून वहीत लिहावे, गोळीचे नाव त्याच पानावर. पालिकेच्या दवाखान्यात दाब मोजून मिळतो आणि गोळ्याही मिळतात, तेव्हा पैशासाठी कोणी थांबू नये. गावी जाताना गोळ्या देवाच्या तसबिरीबरोबर आधी पिशवीत घालाव्यात, मागाहून विसरतात.

मंडळाच्या कपाटात दंडाचे यंत्र आहे. आज आतल्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडले आहे, माझी भाची तिथे बसली आहे. प्रत्येकीला एक कोरी वही मिळेल. चिटणीसबाई चहा आणायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवले आहे. चहा आणि बटाटेवडे सगळ्यांचे मोजून झाल्यावर. आधी वयाने मोठ्या असतील त्यांनी यावे, आणि कृपा करून आत बोलू नये.